अलास्कातली संकष्टी

सिअ‍ॅटल अमेरिकेत, अलास्काही अमेरिकेतच. पण एकाहून दुसरीकडे क्रूझनं जाऊन यायचं तर आपल्या पासपोर्टवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो. यात कॅनडाचा काही दोष नाही. परदेशी जहाजानं अमेरिकी बंदरांमध्ये प्रवाशांची ने-आण करायची नाही, असा कायदा अमेरिकेनं १८८६ साली केला. स्वदेशी बोटवाल्यांचा धंदा शाबूत राहावा म्हणून. पुढे स्वदेशी प्रवासी बोटी जवळपास संपल्या, कायदा राहिला. आता तिकडे जाणाऱ्या अवाढव्य बोटींवर बहामा, बर्म्युडा, पनामा असले झेंडे असतात आणि परतताना त्या कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळचे काही तास टेकून घेतात. झाला परदेश. कायद्याचाही मान राहिला, धंद्याचाही.

त्या काही तासांसाठी आम्ही पुण्यात दहाही बोटांचे ठसे देऊन आलो. सासूबाईंचे ठसे उमटेचनात. यंत्र लाल दिवा दाखवी, खिडकीतली मुलगी ओल्या कागदानं त्यांची बोटं पुसे, पुन्हा लाल दिवा. "आजी, तुमच्या रेषा झिजल्यात हो," ती म्हणाली. "सत्त्याहत्तराव्या वर्षी झिजतील नाहीतर काय! तुमच्या त्या कॅनडाच्या राजानं रोज परातभर भांडी घासली असती तर त्याच्याही झिजल्या असत्या." शेवटी यंत्रच दमलं आणि हिरवा दिवा लागला. पुढे ते व्हिक्टोरिया आलं तेव्हा सासूबाईंनी बाल्कनीतून किनाऱ्यावरचे दिवे पाहिले, "छान आहे हो" म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

क्रूझ हा आमच्या मुलाचा बेत. "आजीला चालायला लागणार नाही. बॅगा एकदाच उघडायच्या. हॉटेलच तुमच्याबरोबर फिरतं." सुनेनं पुस्ती जोडली, "आणि खाणंपिणं सगळं तिकिटातच." आमचे हे सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेत. 'सगळं दरातच धरलंय' हे वाक्य त्यांना सरकारी नोकरीत कधी ऐकायला मिळालं नव्हतं. ते तिथल्या तिथे तयार झाले. सासूबाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला, "तारखा काय आहेत?" मग भिंतीवरचं कालनिर्णय काढून बघितलं, एका चौकोनावर बोट ठेवलं आणि काही न बोलता ते कालनिर्णयच गुंडाळी करून बॅगेत टाकलं. त्या गुंडाळीचं महत्त्व आम्हाला फार उशिरा कळलं.

बोट म्हणजे कोथरूडमधली एखादी चौदा मजली सोसायटी उचलून पाण्यात ठेवलेली. लिफ्टसमोर रांग, जागोजागी सूचना, टॉवेल टाकून सकाळपासून खुर्च्या अडवणारे सभासद आणि सगळ्याविषयी तक्रार असलेले एक काका. फक्त काका टेक्सासचे. बोट सुटायच्या आधी संकटकाळी काय करायचं याची तालीम झाली: भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज झाले की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. सासूबाईंनी भोंगा नीट मोजला. "सातच्या ऐवजी सहा वाजले तर यायचं की नाही?" त्यांनी विचारलं. ह्यांनी त्यांना घाईघाईनं पुढे नेलं, पण तो सुरक्षा अधिकारी बराच वेळ विचारात पडलेला दिसला.

क्रूझवर माणसं निसर्ग बघायला येतात हे खरं, पण दोन जेवणांच्या मधे. पहाटेपासून बुफे उघडा. नाश्ता संपून जेवण सुरू होईपर्यंत जो काही काळ उरतो त्यात पिझ्झाची खिडकी उघडी असते, म्हणजे मधेच कुणाचं काही बरंवाईट होऊ नये. दारात एक मुलगी हात धुवायची आठवण गाण्यात करून देते, कारण बोटीवर एकाचं पोट बिघडलं तर सगळी आळी बसते. आमच्या शेजारच्या टेबलावर गुजराती मंडळींचा मोठा घोळका होता. त्यांनी बुफेतून फक्त दही घेतलं आणि ठेपले व छुंदा आपापल्या पिशवीतून काढला. सासूबाईंनी त्यांच्याकडे ज्या आदरानं पाहिलं, तसा आदर माझ्या वाट्याला लग्नानंतर आलेला नाही.

तिथेच त्यांना तो वेटर भेटला. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देशाचं नाव असतं, इंडिया वाचल्याबरोबर त्यांनी विचारलं, "खंयचो रे तू?"

"हांव मडगांवचो," तो थबकून म्हणाला.

सासूबाईंचं माहेर वेंगुर्ला. त्यानंतर आमच्या टेबलाला पाणी मागावं लागलं नाही. त्याचे वडील मालवाहू बोटींवर होते, चुलते क्रूझवर, तो स्वतः अनेक वर्षं याच धंद्यात. गोव्यातल्या किती घरांची छपरं या बोटींवरच्या पगारातून शाकारली गेली आहेत याचा हिशेब कोणी ठेवला आहे की नाही, कोण जाणे. एका करारात सलग कितीतरी महिने घरी जायचं नाही. मुलगी चालायला लागली ते त्यानं व्हिडिओवर पाहिलं होतं. सासूबाईंनी त्याला घरून आणलेला राजगिऱ्याचा लाडू दिला. तो म्हणाला, आम्हाला पाहुण्यांकडून खायचं घ्यायला बंदी आहे. आणि खिशात टाकला.

रोज रात्री केबिनच्या दारात दुसऱ्या दिवसाचं पत्रक येई. कुठलं बंदर, हवा कशी, सूर्योदय किती वाजता, सूर्यास्त किती वाजता. जूनमध्ये तिकडे सूर्यास्त रात्री दहाच्या सुमाराला, आणि त्यानंतरही काळोख म्हणावा असा काळोख होत नाही. सासूबाई सांजवात लावतात. बोटीवर मेणबत्तीलासुद्धा मनाई, म्हणून त्यांनी बॅटरीची पणती आणली होती. सात वाजले, लख्ख ऊन. आठ वाजले, जेवण झालं, ऊन. साडेनऊला बिंगो संपला तरी बाहेर आपल्याकडचे पाच वाजल्यासारखा उजेड. "तिन्हीसांजेला झोपू नये म्हणतात," त्या म्हणाल्या, "पण इथे तिन्हीसांजेपर्यंत जागं राहणंच कठीण आहे."

पहिलं बंदर केचिकन. गाव जेमतेम, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, निम्मी घरं लाकडी खांबांवर. इथला अभिमानाचा विषय पाऊस. धक्क्याजवळच एक भलंमोठं पर्जन्यमापक उभं केलंय. वर्षाला साधारण दीडशे इंच, असं वाटाड्या मुलगी आम्हाला सांगत होती आणि आता कौतुकाचा सुस्कारा येईल म्हणून थांबली होती. टेक्सासच्या काकांनी तो सोडलाही. सासूबाई प्लास्टिकची खोळ डोक्यावर ओढत म्हणाल्या, "तिला सांग, आमच्या आंबोलीत याच्या दुपटीच्या घरात पडतो. आणि तिथे आम्ही मापाला खांब उभारत नाही, छत्री उघडतो." मुलानं भाषांतर करताना शेवटचं वाक्य गाळलं.

केचिकनच्या शेजारी सॅक्समन नावाचं क्लिंगिट लोकांचं छोटं गाव आहे. तिथे टोटेम खांब आहेत: सीडरच्या अख्ख्या खोडावर एकावर एक कोरलेले कावळे, गरुड, अस्वलं, माणसं. हे देव नव्हेत, पूजा कोणी करत नाही. कुळाची हकिगत, कुणाचं स्मरण, कुणाचा मान अशा गोष्टी लाकडात लिहून ठेवलेल्या. आमची वाटाडी स्वतः क्लिंगिट. तिनं सांगितलं, आमच्यात दोन मोठे विभाग, कावळा आणि गरुड. कावळ्यानं कावळ्यात लग्न करायचं नाही, गरुडानं गरुडात नाही. मूल आईच्या बाजूचं धरायचं.

सासूबाई इतका वेळ खोळीतून ठिबकणारं पाणी बघत होत्या, त्या एकदम पुढे सरकल्या. "सगोत्र चालत नाही यांच्यात!" मग त्यांनी मुलामार्फत त्या बाईंची उलटतपासणी घेतली. दोघं परदेशी शिकायला गेली आणि तिकडेच एकमेकांना आवडली तर? पूर्वी फार वाईट मानायचे, आता काही लोक मानत नाहीत. दत्तक घेतात का? हो, बाहेरून आलेल्याला कुळात घेतात. "मग सोय आहे," असा निर्वाळा देऊन सासूबाई मागे सरकल्या. पाऊस चालू होता. टेक्सासचे काका बसमध्ये जाऊन बसले होते.

पण त्या दिवसाचा खरा मानकरी निराळाच खांब होता. १८६७ साली अमेरिकेनं रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरला घेतलं, म्हणजे एकराला दोन सेंटच्या आसपास. व्यवहार ठरवला परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड यांनी, आणि त्यांच्याच देशातल्या टीकाकारांनी त्याला सेवर्डचा मूर्खपणा म्हणून हिणवलं. दोन वर्षांनी, मंत्रिपद सुटल्यावर, सेवर्डसाहेब आपण घेतलेला माल बघायला स्वतः आले. क्लिंगिट प्रमुखानं त्यांच्यासाठी मोठी मेजवानी घातली, भेटी दिल्या, मानपान केला. तिकडची रीत अशी की, असा मान घेतला की पुढे कधीतरी तो तोलामोलानं परत करायचा. सेवर्डसाहेब भेटी घेऊन घरी गेले ते गेलेच. मग त्या लोकांनी त्यांचा खांब कोरला. वर साहेब बसलेत, आणि नाक-कान लाल रंगवलेत, कंजूषपणाची खूण म्हणून. जुना झाला की तो खांब नव्यानं कोरतात. येणं अजून वसूल झालेलं नाही.

सासूबाईंनी त्या लाल कानांकडे डोळे भरून पाहिलं. एका दिवंगत मामेसासऱ्यांनी आमच्या लग्नात वधूपक्षाचा पूर्ण आहेर घेऊन त्यांच्या घरच्या कार्यात आम्हाला एक स्टीलची वाटी दिली होती, हे प्रकरण आमच्याकडे दर दिवाळीला निघतं. "आपल्याकडे लाकूड कोरायची रीत नाही म्हणून," त्या म्हणाल्या, "नाहीतर सदाशिव पेठेत चालायला जागा राहिली नसती."

जुनो ही अलास्काची राजधानी. इथे ह्यांना मानसिक धक्का बसला. राजधानीला बाहेरून येणारा रस्ता नाही. बोटीनं या नाहीतर विमानानं. गावातून एक हमरस्ता निघतो, किनाऱ्यानं जंगलात जातो आणि तिथेच संपतो. पलीकडे डोंगर, बर्फ आणि खाड्या. "राजधानी! आणि ॲप्रोच रोड नाही!" ह्यांचा आवाज चढला. टॅक्सीवाल्यानं समजूत घातली की रस्ता करायचा की नाही यावर कित्येक दशकं वाद चालू आहे, पाहण्या झाल्या, अहवाल झाले, खर्च झाला. तेव्हा कुठे ह्यांच्या चेहऱ्यावर आपल्या माणसांत आल्याचा भाव दिसला.

आम्ही छोट्या बोटीनं देवमासे बघायला गेलो. हंपबॅक जातीचे हे देवमासे हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात पिल्लं घालायला जातात आणि उन्हाळ्यात अलास्काला खायला येतात. तिकडे हवाईत त्यांना खायला जवळजवळ काही मिळत नाही. इथे साठवलेल्या चरबीवर सगळा हिवाळा काढायचा. एका हंगामात दणकून खायचं आणि मग महिनोन्‌महिने उपास. हे ऐकून बोटीवरचे सगळे "बिचारे" म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "शहाणे आहेत."

कप्तानानं "दोन वाजताच्या दिशेला" म्हटलं की साठ माणसं आणि साठ फोन त्या बाजूला धावत. तोवर शेपूट पाण्याखाली गेलेलं असे. ह्यांच्या फोनमध्ये समुद्राचे शंभरेक उत्कृष्ट फोटो आहेत. टक्कलवाला गरुड मात्र किनाऱ्यावरच्या झाडावर शांतपणे बसून होता, अमेरिकेच्या सरकारी कागदपत्रांवर असतो तसाच, पांढऱ्या डोक्याचा, रागीट. त्यानं तोंड उघडलं आणि एखाद्या आजारी चिमणीसारखी बारीक किलबिल बाहेर पडली. चित्रपटांत त्याच्या तोंडी जी काळीज चिरणारी किंकाळी घालतात, ती बऱ्याचदा लाल शेपटीच्या ससाण्याची असते, असं वाटाड्यानं सांगितलं. हॉलिवूडमध्येसुद्धा पार्श्वगायन चालतं याचा मला आनंद झाला.

मग स्कॅगवे. १८९७ आणि ९८ साली इथे सोन्याच्या मागे लागलेली माणसं झुंडीनं उतरली. सोनं पलीकडे कॅनडात, क्लोंडाइक नदीच्या मुलखात, मधे बर्फाच्या खिंडी. लोक उपाशी मरू नयेत म्हणून कॅनडाच्या पोलिसांनी अट घातली: वर्षभर पुरेल एवढा शिधा आणि सामान असल्याशिवाय सरहद्द ओलांडायची नाही. म्हणजे माणशी जवळपास टनभर वजन. ते पाठीवरून थोडं थोडं वर न्यायचं, ठेवायचं, पुन्हा खाली यायचं. एका माणसाला त्याच खिंडीच्या कितीतरी खेपा. हे आम्ही गरम केलेल्या संग्रहालयात उभं राहून वाचलं. आमच्यापैकी एकाच्या हातात दालचिनीचा रोल होता, नाव सांगत नाही, ते बांधकाम खात्यातून निवृत्त आहेत.

जे खिंडीत लुटले गेले नाहीत त्यांची सोय गावातच होती. सोपी स्मिथ नावाच्या भामट्यानं इथे तारघर उघडलं होतं. पाच डॉलर द्या, घरी तार पाठवा. थोड्या वेळानं उत्तरही येई, बहुतेक 'पैसे पाठवा' म्हणून, आणि ते पाठवायलाही हाच तारवाला तयार. अडचण एवढीच होती की तेव्हा स्कॅगवेपर्यंत तारेची लाइन आलेलीच नव्हती. त्याची तार भिंतीपर्यंत जाऊन संपत होती. जुलै १८९८ मध्ये धक्क्यावर झालेल्या गोळीबारात तो मेला. "आता असं फोनवर करतात," सासूबाई म्हणाल्या, "मला महिन्यातून दोनदा येतो. वीज तोडणार म्हणून."

याच खिंडीतून जाणारी आगगाडी हा ह्यांच्या सहलीचा कळस. तीन फुटी गेज, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा एक फुटानं रुंद. कड्यात सुरुंग लावून, बर्फात उभं राहून, काम १८९८ ला सुरू केलं आणि १९०० साली पुरं केलं. तोवर सोन्याची लाट ओसरून गेली होती. ह्यांनी हे दोनदा वाचलं. काम दर्जेदार, वेळेत पूर्ण आणि पूर्ण होईपर्यंत गरज संपलेली! चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पाहिलेली सगळी स्वप्नं त्या एका फलकावर होती. परत येताना धक्क्याच्या बाजूच्या कड्याकडे लक्ष गेलं. उंच खडकावर मोठाल्या रंगीत अक्षरांत बोटींची आणि कप्तानांची नावं, पार वरपर्यंत. पिढ्यान्‌पिढ्यांचे खलाशी तिथे लटकून रंगवून गेलेत. सिंहगडावर हेच केलं तर दंड होतो.

आणि मग तो दिवस उजाडला, ज्याच्यासाठी कालनिर्णय गुंडाळून आणलं होतं. ग्लेशियर बेचा दिवस. आणि संकष्टी.

"आई, प्रवासात सूट असते," ह्यांनी सुरुवात केली.

"मला नको सूट. पण चंद्रोदय किती वाजता ते बघ. यात मुंबईचा दिलाय."

यावर ह्यांचं अभियांत्रिकी डोकं चाललं. मुंबई आमच्यापुढे साडेतेरा तास. म्हणजे मुंबईचा चंद्रोदय इथल्या नाश्त्याच्या वेळेला होतो. "म्हणजे आई, तुझा उपास आत्ता सुटलासुद्धा! चल, इडलीसारखं काहीतरी आहे खाली."

"जिथे पोट, तिथला चंद्र," सासूबाई म्हणाल्या आणि विषय संपला. मुलगा स्वागतकक्षात गेला. तिथल्या मुलीला आयुष्यात सूर्यास्त खूप जणांनी विचारला होता, चंद्रोदय कोणीच नाही. तिनं थेट वर नौकानयनाच्या खोलीत फोन लावला, आणि तिथून उत्तर आलं: मध्यरात्र उलटल्यावर. अख्ख्या बोटीवर त्या दिवशी जेवणार नसलेली एकच व्यक्ती होती.

ग्लेशियर बेमध्ये दिवसाला फार तर दोनच क्रूझ बोटींना जाऊ देतात. खाडीच्या तोंडाशी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर लहान बोटीनं येतात, चालत्या जहाजाच्या पोटावर सोडलेल्या दोराच्या शिडीनं चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून सांगत राहतात. १७९४ साली कप्तान व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या होड्या इथून गेल्या तेव्हा खाडी नव्हतीच. किनाऱ्याला जेमतेम एक खोबण, बाकी बर्फाची भिंत. १८७९ मध्ये निसर्गवेडा जॉन म्यूर आला तेव्हा बर्फ चाळीसहून अधिक मैल मागे गेलं होतं. आज मुख्य हिमनदी गाठायला बोट पासष्ट मैल आत जाते. त्याआधीची गोष्ट आणखी निराळी. बर्फ एकेकाळी इतक्या वेगानं पुढे सरकलं की इथे राहणाऱ्या हूना क्लिंगिट लोकांना गावं सोडून पळावं लागलं. बर्फ मागे हटलं, मग राष्ट्रीय उद्यान झालं. २०१६ साली त्याच किनाऱ्यावर त्यांचं कुळघर पुन्हा उभं राहिलं. "स्वतःच्याच गावाला जायला त्यांना अडीचशेहून जास्त वर्षं लागली," असं मी म्हटलं. "व्हिसा कोणाचा लागला असेल," सासूबाई म्हणाल्या.

मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबली. सुमारे मैलभर रुंद, पाण्यावर अडीचशे फूट उंच तुटलेली भिंत. वरचे सुळके मळकट, भेगांमध्ये मात्र निळाई. शेकडो फूट वजनाखाली दबून हवेचे बुडबुडे निघून गेलेलं बर्फ प्रकाशातला लाल रंग गिळतं आणि निळा सोडतं. पाण्यात तरंगणाऱ्या लाद्यांवर सील आपापली पिल्लं घेऊन पडले होते. बोट जागच्या जागी सावकाश फिरत होती, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाल्कनीवाल्यांना पैशाचा सारखाच मोबदला मिळावा. कप्तान कुठल्याही देशाचा असो, सोसायटीचा सेक्रेटरी होता.

सगळी बोट डेकवर. हिमनदीचा कडा तुटून पाण्यात कोसळतो, तो बघायचा होता. सासूबाई माकडटोपी, दोन शाली आणि चहाचा थर्मास घेऊन कठड्याजवळच्या खुर्चीत पहिल्यापासून बसल्या. पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. कुठून तरी कडकड असा आवाज येई, सगळे फोन वर जात, काही नाही. मूठभर चुरा पडे. हळूहळू कठडा विरळ होऊ लागला. आधी काका गेले. मग ठेपलेवाल्यांतले दोघं, दही आणायला. ध्वनिक्षेपकावर रेंजर हिमयुगाबद्दल सांगत होता आणि खालून भाजलेल्या लसणाचा वास वर येत होता. "काही पडत नाहीये," हे म्हणाले, "तोवर दोन घास खाऊन येतो." मुलगा कॉफी आणायला गेला, सून त्याला मदत करायला, आणि सासूबाईंचे हातमोजे केबिनमध्ये राहिले म्हणून मी लिफ्टमध्ये शिरले.

लिफ्टच्या दारात मला तो ऐकू आला. पोलादाच्या भिंतींतून, पायातून, तोफखान्यासारखा, लांबलचक. वर पोचले तेव्हा पाणी अजून खालीवर होत होतं, सील उलथापालथ झालेल्या लाद्यांवरून इकडेतिकडे बघत होते आणि सासूबाई थर्मासचं झाकण लावत होत्या.

"अगं, डाव्या अंगाचा अख्खा सुळका," त्या म्हणाल्या. "आधी नुसता वाकला. आवाज नाही, काही नाही. मग बसला, खाली बसतात तसा. पाणी वर उडालं. तरी आवाज नाही. मला वाटलं, कान गेले. मग आला. त्या टेक्सासवाल्याच्या बायकोलाही उशिराच ऐकू आला म्हणे, म्हणजे माझे कान ठीक आहेत." काकू मागे राहिल्या होत्या, त्यांना डॉक्टरांनी लसूण वर्ज्य सांगितला होता.

हे तोंड पुसत आले. प्रकाश लगेच पोचतो, आवाजाला किलोमीटरला तीन सेकंद लागतात, हे त्यांनी सविस्तर समजावलं. मग न राहवून विचारलं, "केवढा होता ग आई? किती मजली?"

"तू कणकवलीला ते रेस्टहाउस बांधलंस ना, त्याच्यापेक्षा मोठा. आणि पडलाही त्याच्यापेक्षा सावकाश."

नंतर तासभर बोट तिथेच थांबली. दीड-दोन हजार माणसं कठड्याला चिकटून उभी राहिली, जेवणाची ताटं हातात घेऊन. काही पडलं नाही. संध्याकाळपर्यंत सासूबाईंची कीर्ती तीन मजल्यांवर पसरली. अनोळखी लोक येऊन विचारत आणि त्या डावा हात वाकवून, मग खाली बसवून, मग कानाला लावून दाखवत. भाषांतराची गरज उरली नव्हती.

रात्री नवाच प्रश्न उभा राहिला. दिवसभर खाण्याचा पूर वाहणाऱ्या बोटीवर मध्यरात्रीनंतर बुफे बंद. मडगावच्या पोराला संकष्टीचं सगळं माहीत होतं; त्याच्या शेजारघरी चवथ असते. त्यानं भात, डाळ, जिऱ्याची बटाट्याची भाजी आणि पपईच्या फोडी झाकून केबिनमध्ये आधीच आणून ठेवल्या होत्या, मोदकाच्या जागी नारळाची छोटी पेस्ट्री. आकाश ढगाळ. चंद्र दिसणं शक्यच नव्हतं; पण वेळ झाली की झाली. अर्घ्य द्यायला सासूबाई बाल्कनीत गेल्या आणि कठड्यावरची पाटी वाचून परत आल्या: समुद्रात काहीही टाकू नये. मग त्यांनी पाणी बशीत सोडलं, ती बशी आत आणून बेसिनमध्ये रिती केली आणि जेवायला बसल्या. ह्यांनी सोबत म्हणून पेस्ट्री खाल्ली. आधी स्वतःची, मग त्यांची.

शेवटच्या रात्री केबिनमध्ये अभिप्रायाचा फॉर्म आला. मुलगा प्रश्न वाचत होता, सासूबाई उत्तरं सांगत होत्या. स्वच्छता? उत्तम. कर्मचारी? मडगावच्या पोराचं नाव लिही, आणि त्याला चतुर्थीला सुट्टी द्या म्हणावं. जेवण? चांगलं, पण फार मधे मधे येतं. आणखी काही सूचना?

"लिही," सासूबाई म्हणाल्या. "रोजच्या पत्रकात सूर्योदय आणि सूर्यास्त छापता. चंद्रोदयही छापत जा. त्याला काही वेगळा कागद लागत नाही."